कठडा कापायचं हत्यार

आमच्या बोईसरच्या घरमालकांबद्दल वाईट बोलणारं माणूस मला आजवर भेटलेलं नाही. त्या चाळीत राहून गेलेलं कुणी लग्नाकार्यात भेटलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मालक म्हणजे देवमाणूस हो!" मी ताटातलं जेवत राहते. असतील देवमाणूस. पण त्यांचं नाव निघालं की माझ्या डोक्यात अजून तिडीक जाते. इतकी वर्षं झाली, राग निवला नाही आणि तो निवावा असं मला वाटतही नाही. गंमत बघा, एवढ्या रागातही मला त्यांना अरेतुरे करता येत नाही. मालक ते मालकच.

औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांची नारळाची आणि ताडाची वाडी होती. ऐंशीनंतर कारखाने भराभर उभे राहिले, रोज कुठून कुठून माणसं ट्रंका घेऊन उतरायला लागली आणि बोईसरात खोली मिळणं लॉटरी लागण्यासारखं झालं. मालकांनी वाडीचा एक तुकडा मोकळा करून दुमजली चाळ बांधली. मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते, आमचे हे दुसऱ्या एका कारखान्यात पाळीवर. आम्हाला वरच्या मजल्यावर जिन्याजवळची खोली मिळाली. खोली झकास होती. दार उघडलं की समोर लांबलचक गॅलरी, पलीकडे माड, वारा सणसणीत. फक्त त्या गॅलरीला कठडा नव्हता.

"कठड्याचं काय?" मी पहिल्याच दिवशी विचारलं. कडेवर माझी सुनी होती. नुकती पळायला शिकलेली.

"होईल ना," मालक म्हणाले. "गज येऊन पडलेत खाली. कापाचेच काय ते बाकी हायेत."

गज खरंच आलेले होते. अंगणात वाळूच्या ढिगाशेजारी गोणपाटाखाली चौकोनी लोखंडी गज रचून ठेवले होते. गॅलरीच्या काठाला सिमेंटचे खांबही उभे होते आणि एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत होडीवरचा जुना नायलॉनचा दोर ताणून बांधला होता, मोठ्या माणसाच्या कमरेच्या उंचीवर. माझी सुनी त्या दोराखालून न वाकता जाऊ शकत होती.

मालक कसे होते ते सांगते. नारळ सोलताना कोयत्याचा घाव एकदाच. शहाळ्याचं तोंड एका घावात सरळ उडालं तर ते स्वतः पिणार. दोन घाव लागले तर ते शहाळं गड्याला. केळीचा घड तिरका कापून आणला म्हणून त्यांनी एका माणसाला भर अंगणात उभं करून पाऊण तास शिकवलेलं मी ऐकलंय. मिशी स्वतः कापायचे, आरशासमोर पट्टी धरून. आणि कमरेला, जिथे इतर लोक किल्ल्या खोचतात तिथे, त्यांच्याकडे गुण्या असायचा. सुतार काटकोन तपासायला वापरतात तो लोखंडी गुण्या. कोणाच्या घरी चहाला गेले तरी बोलता बोलता खिडकीच्या कोपऱ्याला लावून बघायचे. लोकांना याचं कौतुक. मलाही पहिले काही दिवस होतं.

त्यांचं एक वाक्य चाळीत सगळ्यांना पाठ होतं. "कापलेलं वाढत नाय." म्हणजे लोखंड असो, लाकूड असो की माणसाचे केस, एकदा चुकीचं कापलं की गेलं. म्हणून कापायच्या आधी हत्यार नीट निवडायचं. आणि ते निवडणं त्यांचं चाललं होतं, आम्ही राहायला यायच्या आधीपासून.

पहिल्यांदा एक गॅस कटरवाला आला होता म्हणे. त्याने जाळ लावून एक गज तोडला. मालकांनी तो तुकडा उचलून बघितला तर टोकाला मेणबत्ती ओघळल्यासारखे गोळे. त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. मग एक जण हातकरवत घेऊन आला. तो कापत होता तेव्हा मी गॅलरीतून बघत होते आणि मनात देवाचे आभार मानत होते. पहिला तुकडा पडला, मालकांनी गुण्या लावला, तुकडा उन्हात धरला, एक डोळा मिटला.

"उजेड दिसतो," ते म्हणाले.

"किधर?" त्या माणसाला काही कळेना.

"ह्या बाजूला. केसाएवडा दिसतो, पन दिसतो."

त्यालाही चहा मिळाला.

त्यानंतर फिरत्या चाकाचं कटर. कुठल्याशा ठेकेदाराकडून मागून आणलेलं. ठिणग्यांचा पाऊस पडला, गज बघता बघता तुटला. मालकांनी टोकाला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. टोक निळं पडलं होतं आणि कडेला कुसळं आली होती. "लोखंडाला ताप आला," म्हणाले. "तापात कापलेलं मना नको." मग मुंबईला जाऊन नळाचे पाईप कापायचं एक हत्यार आणलं, ते गोल गोल फिरवून कापतं. घरी आल्यावर लक्षात आलं की आपले गज चौकोनी आहेत. कुणीही हसलं नाही, कारण मालक स्वतःच इतके मोठ्याने हसले की आम्हाला जागा उरली नाही. त्यांच्या ओटीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर ही सगळी हत्यारं मांडलेली असायची, जाड दातांची पाती, बारीक दातांची पाती, कानशी. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते एकेक उचलून समजावून सांगायचे. पातळ पत्र्याला बारीक दात, जाड गजाला मोठे दात, का आणि कसं. ऐकणाऱ्याला खरंच नवल वाटायचं.

आणि वर मी माझ्या मुलीला दाव्याला बांधत होते. शब्दशः. कमरेला जुन्या साडीचा काठ, दुसरं टोक पलंगाच्या पायाला. उंबऱ्यापर्यंत पोचेल एवढंच मोजून. शेजारची भाभी, बिहारची, तिच्याही दोन पोरांना तसंच. मी कामावर गेले की सुनीला तीच बघायची. आमच्या मजल्यावर दुपारी चालत गेलं की प्रत्येक दारात एकेक पोर बांधलेलं दिसायचं, आणि खाली मालक कुणाला तरी पात्याचे दात मोजून दाखवत असायचे.

मी भांडायला गेले नाही असं नाही. दर आठवड्याला जायचे. मालक चिडायचेच नाहीत, तीच तर आग होती. चिडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. ते मला बसायला पाट द्यायचे. "बाई, तुमचं बराबर हाय," म्हणायचे. "पोरांसाटीच तर करतो मी. उद्या वाकडातिकडा कठडा केला नि पोरांच्या हाताला कुसळ लागलं तर? मना झोप नाय लागाची." त्यांची बायको, आम्ही तिला काकी म्हणायचो, आतून चहा आणायची आणि कप ठेवताना माझ्याकडे बघून नुसती मान हलवायची. एकदा जिन्यापर्यंत सोडायला आली. "तुमी त्याच्याकडं नको येऊ," हळूच म्हणाली. "त्याला निवडाला आवडतं. कापाला नाय आवडत."

तिचा तो शब्द मला तेव्हा नीट कळला नव्हता.

घरात आमचे हे म्हणायचे, "जाऊ दे गं, माणूस चांगला आहे. कारखान्यातून गॅसचा तो घाण वास सुटला होता तेव्हा सगळ्या चाळीला स्वतःच्या घरात घेतलं की नाही त्यांनी?" घेतलं होतं. खोटं कशाला बोलू? दारं-खिडक्या लावून, ओल्या चादरी टांगून आम्हा सगळ्यांना त्यांच्या माजघरात बसवलं होतं आणि काकीने भात रांधला होता. म्हणूनच जास्त राग येतो. ज्याला कशाचंच सोयरसुतक नसतं त्याला माणूस एकदा शिव्या देऊन मोकळा होतो.

अखेर मालकांना हवं ते हत्यार सापडलं. वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी पट्ट्याची करवत बघितली. लांब पट्टा गोल फिरत राहतो, वरून दुधासारखं पांढरं पाणी पडत राहतं, लोखंड थंडच्या थंड कापलं जातं. मालक दोन दिवस त्या करवतीबद्दल असं बोलत होते की काकी म्हणाली, "तिलाच घेऊन या मंग घरात." त्यांनी तिथल्या सुपरवायझरला शहाळी पोचवली, आर्जवं केली, आणि एक दिवस टेंपो भरून गज कापून आणले. अंगणात उतरवले तेव्हा सगळी चाळ जमली. टोकं आरशासारखी. एकसारखी लांबी, एकावर एक ठेवले तर फट नाही. मालकांनी एकेका टोकाला गुण्या लावला आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले. मी त्याच संध्याकाळी सुनीच्या कमरेची गाठ सोडणार होते.

वेल्डर आला. वरचा आडवा पाईप मालकांनी पाणपातळी लावून अगदी समतल बसवून घेतला आणि मग खालपासून वरपर्यंत गज उभे करायला सुरुवात झाली. लांबच्या टोकाला पहिला गज बरोब्बर बसला. दुसरा बसला. पुढे गजाखाली फट दिसायला लागली. जिन्याकडे यावं तशी फट वाढत गेली. आमच्या दारापुढे तर गज अधांतरीच.

कारण साधं होतं. गॅलरीला पाणी वाहून जायला जिन्याकडे उतार दिलेला होता. तो उतारही मालकांनीच गवंड्याकडून करून घेतला होता, तांब्याने पाणी ओतून ओतून, धार कुठे अडते ते बघत. माप मात्र घेतलं एकदाच, लांबच्या टोकाला. करवत एवढी अचूक की एक गज मोजला म्हणजे सगळे मोजले.

वेल्डर म्हणाला, "सेठ, टेन्शन नहीं. नीचे छोटा छोटा टुकडा जोड देता हूँ. शाम तक हो जायेगा."

"जोड नाय," मालक म्हणाले.

"पेंट मारने के बाद दिखेगा भी नहीं."

"मना दिसेल."

मी तिथेच उभी होते. "मालक," मी म्हटलं, "जोड द्या, गाठी मारा, काय वाटेल ते करा, पण आज बंद करा ही गॅलरी." त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं की मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं. बसवलेले दोन गजही त्यांनी काढायला लावले. नवे लांब गज मागवून गोणपाटाखाली ठेवले, आणि ते कापायला कारखान्याकडे परत शब्द टाकला. कारखान्यात काम जोरात होतं, पाळी लागायला वेळ होता. दोर पुन्हा बांधला गेला. ते आखूड गज, आरशासारख्या टोकांचे, वाळूशेजारी रचून ठेवले.

सुनी पडली ती माझ्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी. अंघोळीसाठी गाठ सोडली होती. साबण लावलेला होता. बाहेर भाभीच्या पोराने हाक मारली आणि ती माझ्या हातातून सुळकन निसटली, दारातून गेली, दोराखालून गेली. ओरडलीसुद्धा नाही. ओरडले ती मी.

वाळूवर पडली म्हणून जगली. उजवा हात मात्र गजांच्या ढिगावर आपटला.

मी खाली पोचले तेव्हा मालक तिथे आधीच होते. त्यांनीच तिला उचललं होतं. तिचा हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळलेला होता आणि ती आता किंचाळत होती. मालक थरथरत होते, हे मी प्रामाणिकपणे सांगते. त्यांनी तो हात हळूच उलटसुलट बघितला आणि मला म्हणाले, "बगा बाई, खरचटलं पन नाय. टोकं साफ होती म्हून. नायतर फाटला असता हात."

हे वाक्य मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर लोक म्हणतील, घाबरलेल्या माणसाच्या तोंडून काहीही निघतं. निघत असेल. माझ्या मुलीचं हाड मोडलं होतं आणि त्या माणसाला दिसली ती लोखंडाची कड. मी तिला त्यांच्या हातांतून ओढून घेतलं; त्या क्षणी माझ्या कडेवर पोर नसतं तर मी काय केलं असतं ते मलाच ठाऊक नाही.

पालघरला नेऊन हाड बसवलं, प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, कोपर पूर्ण सरळ होईलच असं नाही. झालं नाहीच. अजूनही केस बांधताना ती मान त्या बाजूला कलती करते.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. आमचे हे कामावर गेले, जाताना "डोकं शांत ठेव" म्हणाले. मी सरळ मालकांच्या ओटीवर गेले, वर्तमानपत्रावरची हातकरवत उचलली आणि अंगणात आले. मालक घरात नव्हते, काकी दारात होती. तिने पात्यांचं पुडकं आणून माझ्या हातात ठेवलं. मी नव्या गजांवरचं गोणपाट ओढून टाकलं, सुतळीने आमच्या दारापुढचं माप घेतलं, गज पायरीवर टेकवला आणि कापायला लागले. आयुष्यात लोखंड कापलं नव्हतं. करवत घसरत होती, अंगठ्याची साल निघाली, पण मी थांबले नाही. भाभी खाली आली. "दीदी, ऐसे नहीं होगा, हिल रहा है," म्हणत तिने गजावर दोन्ही पाय रोवले. मग खालच्या खोल्यांतल्या बायका आल्या. एकीने सुतळी धरली, एकीने पाणी आणलं. प्रत्येक गज त्याच्या त्याच्या जागेच्या मापाचा. एक थकली की दुसरी.

दुपारी मालक आले. फाटकातच थांबले. आमच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता तरी हा माणूस ओरडेल. मी वाटच बघत होते. ते जवळ आले, वाकले.

"बाई," म्हणाले, "पातं उलटं लावलंय तुमी. दात पुढं पायजेत."

मी करवतीकडे बघितलं. दात माझ्याकडे होते.

भाभीने तोंडाला पदर लावला. मला हसू नाही आलं. मी पातं सोडवलं, त्यांच्या डोळ्यांत बघत सरळ लावलं, आणि पुन्हा कापायला बसले. आता करवत लोण्यातून जावी तशी जायला लागली आणि त्याचाही मला राग आला. सुनी कशी आहे हे त्यांनी विचारलं नाही. थोडा वेळ उभे राहिले, एकेक तुकडा खाली पडताना डोळे मिटत राहिले, मग आत गेले.

वेल्डर आधी नाही म्हणत होता, मालकांच्या शब्दाबाहेर कसा जाणार? संध्याकाळी त्याने आम्हा बायकांचे हात बघितले आणि मुकाट्याने मशीन आणलं. दोन दिवसांत गॅलरीचा आणि जिन्याचाही कठडा उभा राहिला. वाकडा होता. कुठे गज तिरके, कुठे टोकांना कुसळं. काकीने कानस आणून पोरांच्या हातांच्या उंचीवरची कुसळं घासून काढली, जेवढी जमली तेवढी. त्या संध्याकाळी सगळ्या मजल्यावरची पोरं मोकळी सुटली आणि इतका गोंधळ घातला त्यांनी की कुणाला कुणाचं ऐकू येईना.

आठ-दहा दिवसांनी मालक वर आले. सोबत काकी. हातात करंडीभर ताडगोळे, सुनीसाठी. ती गॅलरीत कठड्याशी बसली होती. ते तिच्यापुढे उकिडवे बसले, एकेक गोळा सोलून तिच्या डाव्या हातात देत राहिले. "दुकतं का गं?" म्हणाले. ती नाही म्हणाली. त्यांनी तिच्या प्लास्टरवरून हात फिरवला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. खरं पाणी. मी चहा टाकायला उठले. माझ्या मनात आलं, जाऊ दे, आमचे हे म्हणतात तेच खरं असेल.

मी स्टोव्ह पेटवत होते तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि कठड्याकडे बघितलं.

"बाई, कारखान्यातून निरोप आलाय," म्हणाले. "आपली पाळी लागली करवतीवर. पुडल्या आठवड्याला हे काडून टाकू नि नीट बसवून घेऊ. दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न हाय. तवर दोर बांदू."

काकीच्या तोंडून "अरे देवा" एवढंच निघालं.

मी स्टोव्ह बंद केला. दाराआडून ती हातकरवत काढली, मी ती परत दिलीच नव्हती. त्यांच्यापुढे धरली.

"घ्या," मी म्हटलं. "पुढच्या आठवड्याला कशाला? आत्ता कापा. ती बसलीय इथे. तिच्या समोर कापा."

मालकांनी करवत हातात घेतली. सवयीने आधी पातं बघितलं, दात कुठल्या बाजूला आहेत ते. मग कठड्याजवळ गेले, एका गजावर पातं टेकवलं आणि तसेच उभे राहिले. मी ऐकत होते. लोखंडावर पातं घासल्याचा आवाज काही आला नाही. सुनी ताडगोळा चोखत होती आणि कठड्याच्या गजांतून पाय बाहेर सोडून खालच्या पोरांना हाका मारत होती.

बऱ्याच वेळाने त्यांनी करवत खाली ठेवली. काकी पुढे झाली तसे तेही जिन्याकडे वळले. त्यांचे गुडघे दुखायचे. पहिल्या पायरीवर त्यांचा तोल जरा गेला, तेव्हा त्यांनी कठडा धरला आणि अगदी खाली अंगणात पोचेपर्यंत सोडला नाही.